अम्माची छाट

मागच्या महिन्यात आमच्या भागातल्या एका महाविद्यालयानं मुलींच्या उद्योजकता शिबिरात बोलायला बोलावलं होतं. माझं युनिट लहान आहे, चौदा बायका कामाला. शाळेचे गणवेश शिवतो. बारावीनंतर मी कॉलेजची पायरी चढले नव्हते, त्यामुळे त्या सभागृहात शिरताना छातीत धडधडत होतं. कापड कुठून आणते, हिशोब कसा ठेवते, उधारी कशी वसूल करते हे सगळं सांगितलं. मुली मन लावून ऐकत होत्या. शेवटी तिसऱ्या रांगेतली एक बारीकशी मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, स्वतःचा धंदा सुरू करायची प्रेरणा तुम्हाला कुणाकडून मिळाली?"

मी वालचंद हिराचंद यांचं नाव घेतलं.

सोलापुरात असं विचारलं की हे नाव तोंडात येतंच. १८८२ साली ते याच गावात जन्मले. घरात कापसाचा व्यापार होता, सावकारी होती. ते सोडून त्यांनी रेल्वेतली कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर रेल्वेच्या बांधकामाची कंत्राटं घेतली. ५ एप्रिल १९१९ ला त्यांच्या कंपनीची 'लॉयल्टी' बोट मुंबईहून लंडनला निघाली आणि आज तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. हे सगळं मी सांगितलं. टाळ्या पडल्या. नारळ-शाल घेऊन मी घरी आले.

रात्री झोप येईना. सांगितलेलं खरं होतं, पण ते माझं उत्तर नव्हतं. वालचंदांच्या बोटीमुळे मी मशिनी घेतल्या नाहीत. त्या मुलीनं मनापासून विचारलं होतं आणि मी तिला पुस्तकातलं सांगून आले. तिचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून इथं लिहिते. शिबिरातल्या कुणीतरी वाचेल आणि तिच्यापर्यंत पोचवेल.

माझं खरं उत्तर म्हणजे छाट.

सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे विणकर आणि विडी कामगारांच्या वस्तीत, वाढलेल्या कुणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. आमची अम्मा विड्या वळायची. आम्ही पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाचे, घरात तेलुगू. नायना, म्हणजे वडील, टॉवेलच्या कारखान्यात मागावर आणि अम्मा विडीला, ही आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांची कथा. कारखान्यातून तेंदूचं पान, तंबाखू आणि सूत मिळायचं. पान रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं. पहाटे पत्रा ठेवून कात्रीनं त्याच मापाचे तुकडे कापायचे. मग मांडीवर सूप घेऊन बसायचं ते संध्याकाळपर्यंत. चिमूट तंबाखू, बोटांचा एक वळसा, सुताचे दोन फेरे, नखानं तोंड दुमडायचं. दिवसाला हजार. पान कमी भरलं किंवा फाटकं निघालं की पदरचे पैसे घालून विकत आणायचं, पण हजार पुरे करायचे. अम्मा बारा वर्षांची असल्यापासून हे करत होती.

दुसऱ्या दिवशी विड्या पाटीत भरून कारखान्यात न्यायच्या. मी आठ-नऊ वर्षांची असताना शाळेला सुट्टी असली की तिच्याबरोबर जायचे. बायकांची लांब रांग, पुढे एक टेबल, टेबलामागे तपासणारा माणूस. तो जुडी उचलायचा, हातात दाबून बघायचा, त्यातल्या दोन-चार, कधी आठ-दहा विड्या काढून बाजूला टाकायचा. ही जाड आहे, ही बारीक आहे, हिचं तोंड उघडं आहे. बहुतेक वेळा तेही बोलायचा नाही, नुसता टाकायचा. ती छाट. छाटीत गेलेल्या विड्या परत मिळत नसत आणि त्यांचे पैसेही मिळत नसत. हजारातल्या साठ-सत्तर अशा जायच्या. एखाद्या दिवशी शंभर.

एकदा मी त्या टेबलापाशी मोठ्यानं विचारलं होतं, "एंदुकु?" आमच्या भाषेत एंदुकु म्हणजे का. अम्मानं माझा हात एवढा घट्ट दाबला की बोटं दुखली. तो माणूस माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता, तो पुढच्या बाईच्या जुडीला लागला होता. परत येताना अम्मा एक शब्द बोलली नाही. फक्त तिच्या अंगठ्याचं टोक बोटांच्या पेरांवरून सरकत होतं. ती मोजत होती. आज किती गेल्या, रात्री जास्तीच्या किती वळाव्या लागतील.

कष्टाचं मला कधी काही वाटलं नाही, कष्ट सगळ्यांच्याच घरात होते. पण आईच्या हातचं काम कुणीतरी का ते न सांगता बाजूला टाकतो आणि तिला विचारायची सोय नसते, हे आत कुठेतरी रुतून बसलं. ते रुतलंय हे मलाही फार उशिरा कळलं.

लग्नानंतर मी एका गणवेशाच्या युनिटमध्ये लागले. आधी धागा कटिंग, मग इस्त्री-पॅकिंग, मग वरच्यांना माझी नजर आवडली म्हणून चेकिंग टेबल. शिवून आलेला प्रत्येक पीस उलटा-सुलटा बघायचा. कॉलरची दोन्ही टोकं सारखी आहेत का, काजं नीट कापलीत का, खिसा सरळ बसलाय का, बगलेत टाका सुटलाय का. चुकलेला पीस बाजूला. टेबलाच्या या बाजूला आता मी होते, आणि खरं सांगते, मला ते काम आवडायचं. नऊ वर्षं केलं.

एका सीझनला शेहेचाळीस शर्टांच्या कॉलरवर इस्त्रीनंतर फुगे आले. शिवणकाम कळणाऱ्या कुणालाही ते दिसताच समजतं की फ्यूजिंग, म्हणजे कॉलरच्या आत उष्णतेनं चिकटवतात ते अस्तर, नीट चिकटलेलं नाही, प्रेसची उष्णता कमी-जास्त झाली. शिवणाऱ्या बाईचा त्यात काही दोष नसतो. पण प्रेस कुणाच्या हातात होती ते सगळ्यांना माहीत होतं, आणि तो मालकांच्या घरातला माणूस होता. मला कागद दिला. त्यावर लिहायचं होतं, 'शिलाई दोष'. म्हणजे पैसे कॉलर शिवणाऱ्या बाईच्या हिशोबातून कापले जाणार.

मी सही केली.

नोकरी जाईल ही भीती होती. दोन मुलं शाळेत, नवऱ्याची रिक्षा कर्जाची. ती बाई माझ्यासमोरच्या मशिनवर बसायची. तिनं मला काही विचारलं नाही. दुपारच्या सुट्टीत मी तिच्याकडे बघितलं तर ती डबा न उघडता बसली होती आणि तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता.

त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला म्हणाले, मला आपल्या स्वतःच्या मशिनी पाहिजेत. तो म्हणाला, "काय बोलूलालीस तू? पैसे कुठायत?" पैसे नव्हतेच. पण प्रेरणा म्हणायची तर ती हीच. माझ्या सहीची लाज. दिसायला चांगलं उत्तर नाही हे मला कळतं, म्हणूनच बहुधा सभागृहात ते तोंडातून निघालं नाही.

सहीपासून मशिनींपर्यंत चौदा महिने गेले. त्यातला बराच काळ बँकेच्या बाकावर गेला. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात शहरातल्या महिलेला प्रकल्पाच्या ५ टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते आणि २५ टक्के अनुदान मिळतं. ते अनुदान लगेच हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत अडकून राहतं. माझा प्रकल्प सहा लाखांचा. म्हणजे माझे तीस हजार. एका बँकेत विचारलं, घरात आधी कुणी धंद्यात आहे का? मी म्हणाले, नाही. पुढचं त्यांनी वाचलंच नाही. दुसऱ्या ठिकाणी जामीनदार मागितला. तिसऱ्या ठिकाणी काम झालं.

ते तीस हजार अम्मानं दिले. तोवर तिची नजर अधू झाली होती, विडी सुटली होती, आणि विडी कामगारांना भविष्य निर्वाह निधी लागू आहे म्हणून सुटताना थोडी रक्कम हातात आली होती. मी आधी नको म्हणाले. चाळीस वर्षांच्या मांडी घालून बसण्याचे पैसे ते, कसे घेणार? तिनं जेवणाच्या ताटाशेजारी रुमालात बांधलेले पैसे ठेवले आणि भात वाढायला लागली. तिच्या देण्याची तऱ्हा अशीच आहे, त्यावर बोलणं होत नाही.

कर्ज मंजूर झाल्यावर दोन आठवड्यांचं प्रशिक्षण घ्यावं लागलं. तिथला एक दिवस मी अजून विसरले नाही. सरांनी जमिनीवर एक खुंटी रोवली आणि हातात दोरीच्या रिंगा दिल्या. कुठूनही फेका, म्हणाले, अंतर तुमचं तुम्ही ठरवा. एक बाई खुंटीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली, रिंग वाया जायला नको म्हणून. एक पोरगा भिंतीला टेकून तिकडून फेकत होता, बसली तर बसली. मी मध्ये उभी राहिले. दोन हुकल्या, एक बसली, मग एक पाऊल मागे गेले.

खेळ झाल्यावर सरांनी सांगितलं, हा डेव्हिड मॅक्लेलंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा खेळ. काहीतरी करून दाखवायची ओढ ज्यांच्यात जास्त असते ती माणसं मध्यम अंतर निवडतात, असं त्यांना आढळलं. फार जवळून बसवण्यात गंमत नाही आणि फार लांबून बसली तर तो नशिबाचा भाग. जमेल न जमेल अशा बेताच्या जागी उभं राहायचं आणि आपल्या हातानं जमवायचं. ही ओढ शिकवताही येते का हे बघायला त्यांनी १९६४ च्या सुमारास आंध्रातल्या काकिनाड्याच्या छोट्या व्यावसायिकांना प्रशिक्षण दिलं. पुढच्या काही वर्षांत शिकलेल्यांनी न शिकलेल्यांपेक्षा जास्त नवे उद्योग काढले, जास्त माणसं कामाला ठेवली. काकिनाडा ऐकून मी ताठ बसले. आमची माणसं तेलंगणातून सोलापूरला आली, काकिनाडा तिथून लांब समुद्राकडे. पण भाषा तीच. तिथल्या दुकानदारानं रिंग फेकताना मनात जे मोजलं असेल ते तेलुगूतच मोजलं असेल, एवढ्यानंच मला तो परका वाटेना.

तरीही त्या खेळाबद्दल माझी एक तक्रार आहे आणि मी ती तिथंच सांगितली होती. जवळ उभी राहिलेली ती बाई ओढ कमी असलेली नव्हती. नवरा गेलेला, दोन मुली, आणि घरी शेंगाचटणी कुटून ती विकायला निघालेली. तिच्याकडे हुकवायला जास्तीच्या रिंगा नव्हत्या. माझ्यामागे रिक्षा चालवणारा नवरा होता, अम्माचा रुमाल होता, म्हणून मी एक पाऊल मागे जाऊ शकले. कोण कुठून फेकतो ते मनावर असतं तसंच हातात किती रिंगा आहेत त्यावरही असतं. सर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, हे मी पुढच्या वर्गात सांगीन. ती बाई आजही चटणी विकते. आता तिच्याकडे पाट्याची जागा मशिननं घेतली आहे आणि धाकटी मुलगी फार्मसी शिकली.

ग्लोबल आंत्रप्रेन्युअरशिप मॉनिटर नावाचा एक अभ्यास १९९९ पासून अनेक देशांत चालतो. धंदा सुरू करणाऱ्यांना ते कारण विचारतात. पूर्वी त्यांनी दोन खाने केले होते, नाइलाजानं आलेले आणि संधी दिसली म्हणून आलेले. अलीकडे चार कारणं पुढे ठेवतात. जगात काही बदल घडवायचा होता, खूप पैसा कमवायचा होता, घरची परंपरा चालवायची होती, नोकऱ्या मिळत नाहीत म्हणून पोट भरायचं होतं. माणूस एकापेक्षा जास्त कारणांना हो म्हणू शकतो. माझा मुलगा कॉमर्सला आहे, त्यानं मला हे वाचून दाखवलं. आपल्या देशात बहुतेक जण नोकऱ्यांच्या कारणाला हो म्हणतात हे ऐकून मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते या गोष्टीचं की आधी या लोकांना नाइलाज आणि ओढ वेगवेगळ्या खान्यांत टाकता येईल असं वाटलं होतं.

नायना टॉवेलचा माग चालवायचे. टेरी टॉवेलच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम, म्हणजे रूळ, असतात. एका बीमचा ताणा घट्ट ओढलेला, त्यानं खालचं कापड विणलं जातं. दुसऱ्या बीमचा ताणा सैल सोडलेला. बाण्याचे, म्हणजे आडवे, तीन धागे पडले की फणी ते एकदम पुढे ठोकते आणि त्या ठोक्यासरशी सैल धाग्यांचे लूप उभे राहतात. पाणी टिपतात ते हे लूप. नायना सांगायचे, घट्ट बीम तुटला तर कापडच होत नाही, आणि सैल बीम अडकला तर टॉवेलचा पंचा होतो. माझ्या गल्लीतल्या कुणालाही विचारा, दोन्ही बीम सापडतील.

सोलापूरच्या गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद पडले, जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. तेव्हा कितीतरी माणसांनी चहाची गाडी लावली, भाजी विकली, रिक्षा घेतली. माझे सासरे त्यातलेच. त्यांना कुणी उद्योजक म्हटलं नाही. नाइलाजच होता तो. पण चहाच्या गाडीवर ते पितळी किटली रोज चिंचेनं घासायचे, गिऱ्हाइकाला किती साखर लागते ते लक्षात ठेवायचे, आणि मिलमध्ये पंचवीस वर्षांत साहेबांनी जेवढं नाव घेऊन हाक मारली नसेल तेवढी लोक त्यांना एका दिवसात मारायचे. पुढे धाकट्या दिराला चांगली नोकरी लागली, तो म्हणाला आता गाडी बंद करा. सासऱ्यांनी केली नाही.

आमच्या मागच्या गल्लीतला एक मुलगा पुण्यात हिंजवडीला कामाला होता. रविवारी संध्याकाळी सोलापूर स्टेशनवर उभं राहून बघा, पाठीवर सॅक घेतलेली पोरं कशी पुण्याच्या गाड्यांकडे पळतात. या गावचा अर्धा जीव त्या गाड्यांतून जातो असं मला वाटतं, आणि ते बघून पोटात तुटतं. तो मुलगा मात्र परत आला. वडिलांना अर्धांगवायू झाला, आई एकटी. आता चाटी गल्लीतून टॉवेल-चादरी उचलून ऑनलाइन विकतो. पुण्यात मिळायचं त्यापेक्षा अजून कमीच मिळतं. विचारलं तर म्हणतो, काकू, संध्याकाळी नानांना मी स्वतः भात भरवतो. त्या चार कारणांत हे कुठं लिहायचं?

माझं युनिट जुलै २०१४ मध्ये सुरू झालं. सत्तर फूट रोडच्या आतल्या बाजूला भाड्याचा हॉल, साध्या शिलाईच्या तीन सिंगल नीडल मशिनी आणि कापडाच्या कडा शिवायचं एक ओव्हरलॉक. काजबटन बाहेरून करून घ्यायचे. पहिली दोन वर्षं दुसऱ्यांचं जॉबवर्क केलं, मग स्वतः कापड घ्यायला लागले, भिलवाड्याचं सूटिंग, इचलकरंजीचं शर्टिंग. या धंद्यात पैसे हिवाळ्यात अडकतात आणि पावसाळ्यानंतर सुटतात. डिसेंबरपासून ऑर्डरी, उन्हाळाभर शिलाई, जूनमध्ये शाळा, आणि उधारी येता येता दिवाळी. ते सांगायला बसले तर वेगळा लेख होईल.

मार्च २०२० मध्ये टेबलावर कापलेला माल होता, अठराशे शर्ट. शाळा जूनमध्ये उघडल्या नाहीत. पुढच्या जूनमध्येही नाहीत. शाळाच नाही तर गणवेश कशाला? नवऱ्याची रिक्षा दारात उभी. नऊ बायका होत्या तेव्हा, मास्क शिवून चौघींना कसंबसं काम दिलं. हप्ते पुढे ढकलले, त्यावरचं व्याज चढत राहिलं. त्याच काळात ओळखीतून एक निरोप आला, एका मोठ्या युनिटला सुपरवायझर पाहिजे, अठरा हजार महिना. नवरा म्हणाला जा. थोरली बहीण म्हणाली जा. मी तीन रात्री विचार केला.

तेव्हा मला कळलं की सुरू करताना जे लागतं आणि टिकताना जे लागतं त्या वेगळ्या गोष्टी आहेत. सुरू करताना माझ्यात राग होता, लाज होती. सहा वर्षांत राग विझून गेला होता. राग एवढी वर्षं टिकत नाही आणि टिकू नये. मग मला धरून काय ठेवलं? सकाळी कुलूप काढताना किल्लीचा आवाज. मी कापलेल्या मापात आख्ख्या शाळेची पोरं रांगेत उभी असलेली बघणं. आणि त्या चौघी, ज्या मास्क शिवता शिवता विचारायच्या, ताई, शाळा उघडल्या की पुन्हा शर्टच ना? मी निरोप पाठवला, येत नाही. धाडस वगैरे म्हणून ते सांगत नाही. अठरा हजार नाकारल्यावर त्या महिन्यात मी गंठण गहाण ठेवलं.

२०२२ च्या जूनला शाळा भरभरून उघडल्या आणि सगळीकडून एकदम मागणी आली. रात्री अकरा-अकरापर्यंत काम. चेकिंग मी स्वतः करत होते. नवीन लागलेल्या एका मुलीचे तेवीस शर्ट मी बाजूला टाकले. घाईत होते, डोकं दुखत होतं, एका शब्दानं बोलले नाही. पीस उचलायचा, बघायचा, टाकायचा. पैसे कापायचा विचार माझ्या मनातही नव्हता, दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला देणार होते. पण तिला ते कुठं माहीत?

सकाळी हॉलवर आले तर ती पायरीवर बसली होती. माझ्याकडे लक्ष नव्हतं. अंगठा पेरांवरून सरकत होता.

मला दारातच खाली बसावं लागलं. शेहेचाळीस कॉलरींच्या लाजेनं सुरू केलेल्या हॉलमध्ये मी स्वतः छाट काढली होती. कुणीही सांगितलेलं नसताना, माझ्या हातानं. मालक झालं की टेबलाची बाजू आपोआप बदलते आणि आपल्याला कळतही नाही, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. प्रशिक्षणातही नाही. त्या शिबिरातल्या मुलींना मी हे सांगायला पाहिजे होतं. धंदा का सुरू करताय ते विचारा, पण तेच कारण पाच-सात वर्षांनी तुमच्याच दारात पायरीवर येऊन बसेल, तेव्हा ओळखाल का, हेही विचारा.

त्या दिवसापासून आमच्याकडे चेकिंगचं टेबल हॉलच्या मध्ये आहे. पीस बाजूला गेला की शिवणारीला हाक मारायची, तिच्यासमोर दोष दाखवायचा, दोष कापडाचा, फ्यूजिंगचा की शिलाईचा ते तिच्याशी बोलून लिहायचं. दोष शिलाईचा असला तरी दुरुस्ती कामाच्या वेळेतच, पैसे कापायचे नाहीत. यात वेळ जातो. सीझनला दिवसाचे तीस-चाळीस पीस कमी निघतात, तो तोटा मी हिशोबात धरते. मला कुणी म्हणालं की यात धंदा वाढणार नाही, तर त्यांचं गणित चूक आहे असं मी म्हणत नाही. मी हे ज्यासाठी सुरू केलं ते यातच आहे.

परवा अम्मा हॉलवर आली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला पुन्हा बारीक दिसायला लागलंय आणि ती कुठेही स्वस्थ बसत नाही. चेकिंगवालीला बाजूला सारून टेबलापाशी बसली. शर्ट उचलायची, कॉलरची टोकं जुळवून बघायची, बटणावरून बोट फिरवायची. चाळीस वर्षं मापात वळलेली बोटं ती. एक शर्ट तिनं बाजूला ठेवला.

ओव्हरलॉकवरची मुलगी उठून आली. आमच्यातलीच आहे, तेलुगू बोलते. कमरेवर हात ठेवून तिनं विचारलं, "एंदुकु, अम्मा?"

अम्मा एकदम थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग त्या मुलीकडे. मग सरकून बाकावर जागा केली, मुलीला शेजारी बसवलं, शर्ट उलटा केला आणि बगलेतला सुटलेला टाका नखानं तिला दाखवायला लागली. दाखवून झालं तरी सोडेना. कसा सुटतो, कापड कुठं धरायचं, हात कुठं सैल पडतो. चांगली दहा मिनिटं. मशिनी थांबल्या होत्या, आणि मी कुणाला चालू करा म्हणाले नाही.